‘क्युरियसनेस’ का नाही आणि ‘फास्टली’ का नाही?

प्रश्न असा आहे: ‘सीरियस’चं नाम ‘सीरियसनेस’, मग ‘क्युरियस’चं ‘क्युरिऑसिटी’ का? आणि ‘स्लो’चं क्रियाविशेषण ‘स्लोली’ होतं, तर ‘फास्ट’चं ‘फास्टली’ का होत नाही?

आधी नामाचं बघू. ‘नेस’ हा इंग्रजीचा घरचा प्रत्यय आहे, ‘इटी’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आपल्याकडे ‘पणा’ आणि ‘ता’ यांचं जे आहे तेच. ‘पणा’ कुणालाही चिकटतो: भोळेपणा, गंभीरपणा, अगदी स्मार्टपणासुद्धा. ‘ता’ मात्र संस्कृत शब्दांचा सोबती. ‘गंभीरता’ होते, ‘भोळेता’ होत नाही. तसंच ‘नेस’ देशी ‘काइंड’ला लागतो आणि लॅटिन कुळातल्या ‘सीरियस’लाही; ‘इटी’ देशी शब्दांच्या वाटेला सहसा जात नाही, म्हणून ‘काइंडिटी’ नाही.

मग लॅटिन कुळातल्याच ‘क्युरियस’ला ‘नेस’ का नको? व्याकरणाची आडकाठी नाही, शब्दकोशात ‘क्युरियसनेस’ सापडेलही. पण ‘क्युरिऑसिटी’ आधीच रुळलेला असल्यामुळे त्याला जागा उरलेली नाही. ‘सौंदर्य’ हाताशी असताना ‘सुंदरपणा’ कोण म्हणतं? तेव्हा कोणत्या विशेषणाला ‘इटी’ लागतो हे शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं. लिहिताना एक चूक हमखास होते: ‘क्युरियस’, ‘जेनेरस’ यांच्या शेवटच्या ‘ओयूएस’मधला ‘यू’ नामात गळतो, तो लोक तसाच ठेवतात. उच्चारही बदलतो. ‘क्युरियस’मध्ये जोर पहिल्या ‘क्यु’वर, ‘क्युरिऑसिटी’मध्ये तो ‘ऑ’वर सरकतो. ‘नेस’ लागला की जोर हलत नाही.

‘लाँग’चं ‘लेंग्थ’ आणि ‘स्ट्राँग’चं ‘स्ट्रेंग्थ’ होताना तर मधला स्वरच बदलतो. शेवटच्या ‘टीएच’ या प्रत्ययात पूर्वी ‘इ’सारखा स्वर होता. त्याने मुळातला स्वर आपल्याकडे ओढला आणि स्वतः नाहीसा झाला. ‘सुंदर’चं ‘सौंदर्य’ होताना ‘उ’चा ‘औ’ होतो. कारण वेगळं, पण धक्का आतपर्यंत बसतो तो असाच. गंमत म्हणजे मापाचे शब्द दोन्ही भाषांत एका माळेत बसतात. लेंग्थ, विड्थ, डेप्थ तशी आपली लांबी, रुंदी, खोली. ‘हाइट’ही याच माळेतला, फक्त त्याच्या शेवटच्या ‘टीएच’चा नुसता ‘टी’ उरलाय. उरलेल्या तिघांच्या नादाने त्याला ‘एच’ जोडू नये.

आता ‘फास्ट’. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषण करताना विशेषणाच्या शेवटी नुसता ‘ई’ लावूनही भागायचं. पुढे तो ‘ई’ उच्चारातून गेला आणि विशेषण व क्रियाविशेषण दिसायला सारखीच झाली. बहुतेक शब्दांनी नंतर ‘ली’ घेतला, ‘फास्ट’ने घेतला नाही. मराठी माणसाला हे खटकायला नको: जलद गाडी जलदच धावते.

‘हार्ड’चं प्रकरण जास्त धोक्याचं, कारण ‘हार्डली’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहिलं, तर पाच वर्षं फारसं काही केलं नाही अशी स्वतःच कबुली दिल्यासारखं होतं. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, तिथेही हाच घोळ.

उलट बाजूने ‘फ्रेंडली’. ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, असं नसतं. ‘ली’ काढून बघा. मागे विशेषण उरलं तर बहुधा क्रियाविशेषण (‘स्लो’), नाम उरलं तर बहुधा विशेषण (‘फ्रेंड’, ‘कॉस्ट’, ‘कावर्ड’). ‘सिकली’सारखे अपवाद आहेतच. ‘मैत्रीने बोलला’ म्हणायचं तर ‘इन अ फ्रेंडली वे’ असं लांबण लावावं लागतं.

मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो याच्याही पुढे. ‘ती सुंदर दिसते’ आणि ‘ती सुंदर गाते’, आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘ब्यूटिफुल’, दुसऱ्या ठिकाणी ‘ब्यूटिफुली’. अडलं तर क्रियापद काढून ‘आहे’ घाला. ‘ती सुंदर आहे’ हे दिसण्याला चालतं, गाण्याला नाही. सुंदर तिथे गाणं आहे, ती नव्हे. जिथे चालत नाही तिथे ‘ली’.

स्पेलिंगचं थोडक्यात: ‘हॅपी’तल्या ‘वाय’चा ‘आय’ होतो, ‘जेंटल’चा शेवटचा ‘ई’ जाऊन तिथे ‘वाय’ येतो, ‘ट्रू’चा ‘ई’ गळतो. ‘आयसी’ने संपणाऱ्यांना ‘ॲली’ लागतो, जसं ‘बेसिकली’च्या लेखनात. त्यातून सुटलेला एक नेहमीच्या वापरातला शब्द आहे, ‘पब्लिक’. त्याला नुसता ‘ली’ लावायचा.