अलास्का क्रूझवर व्हेल बघायचेत तर बोट कुठली घ्यायची
क्रूझच्या डेकवरून व्हेल दिसतात का, तर हो दिसतात, पण लांबून, फवारा उडाला, जरा पाठ दिसली की संपलं, कारण जहाज आपल्यासाठी थांबत नाही. पुण्याहून एवढा व्हिसा-तिकिटांचा खर्च करून जाताय तर एक पोर्ट, म्हणजे जहाज थांबतं तो एक मुक्काम, व्हेल बघायच्या बोट ट्रिपसाठी राखून ठेवाच, मनापासून सांगतेय. जूनो किंवा आयसी स्ट्रेट पॉइंट. उन्हाळ्यात हंपबॅक जातीचे व्हेल तिथे खायला येतात, त्यातले बरेचसे हिवाळ्यात हवाईला असतात.

आता बोट. आईबाबा सोबत असतील तर मोठी कॅटमरान, म्हणजे खाली दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, टॉयलेट असतं, बंद केबिन असते, हलतेही कमी. दोघंच असाल तर मात्र छोटी घ्या, पाण्याच्या अगदी जवळ असता, रेलिंगपाशी गर्दी नाही, आणि शेपटी वर येते ना तेव्हा खरंच काही सुचत नाही! पण छोटी बोट जास्त जवळ नेईल असं समजू नका हां, 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर लांब राहायचा नियम सगळ्यांना सारखाच आहे आणि तो हवाच, जो बोटवाला हा नियम मोडायला तयार असेल त्याच्याकडे जाऊच नका.

क्रूझकडून बुक केलं तर महाग पडतं पण उशीर झाला तर टेन्शन नाही, बाहेरून केलं तर जहाज सुटायच्या बरंच आधी परतणारी ट्रिप बघा. दुर्बीण 7 किंवा 8 पटीची बास, जास्त पॉवरची बोटीवर नुसती हलते. सिंहगडाला पावसात घालता ते जॅकेट चालेल, पण आत स्वेटर हवाच, जुलैतसुद्धा.