आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये सात दिवस इटलीच्या किनाऱ्यावर : पोझितानो, कॅप्री, सोरेंतो, चिंक्वे तेर्रे यांपैकी काय घ्यावं?

चिंक्वे तेर्रे आधी यादीतून काढा. गावं वाईट नाहीत, पण ती जिनोव्हाच्या बाजूला आणि बाकीची तिन्ही ठिकाणं नेपल्सच्या. एका हॉटेलातून निघून गाड्या बदलत, बॅगा ओढत दुसऱ्या हॉटेलात शिरेपर्यंत सातातला एक दिवस गेलाच म्हणून समजा.

आता मुक्काम. सगळे पोझितानो सुचवतील. साठीच्या पुढची माणसं सोबत असताना तिथे राहू नका, हे मी ठासून सांगते. फोटोत रंगीत घरांचे थर दिसतात, त्या थरांमधून ये-जा करायला जिने आहेत. हॉटेल किनाऱ्यापासून ‘२०० मीटर’ लिहिलेलं असतं, ते अंतर उभं निघतं. मुलांनी फोटो बघून खोली ठरवायची आणि आई-बाबांनी गुडघे धरून ‘छान आहे हो’ म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. ‘आयुष्यात एकदाच जाणार, मग तिथेच राहू’ म्हणणाऱ्यांशी माझं या बाबतीत कधी जमलेलं नाही. गाव बघा, दुपारचं जेवा, संध्याकाळच्या बोटीने परत या.

तुमच्या यादीत नसलं तरी राहा सालेर्नोला. रोमहून थेट वेगवान गाडी साधारण दोन तासांत पोचवते. स्टेशनाबाहेर सपाट रस्ता, आणि पियाझ्झा देल्ला कोंकोर्दियाचा बोटीचा धक्का चालत पाच-सात मिनिटांवर. तिथून याच किनाऱ्यावरचं अमाल्फी गाव सुमारे ३५ मिनिटं, पोझितानो तासाभराहून थोडं जास्त. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, म्हणजे सप्टेंबर उत्तम. तेव्हा पाणीही मे महिन्यापेक्षा बरंच उबदार असतं. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात.

समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून बसचा रस्ता माहीत हवा. ‘सिता’ या बस कंपनीचं तिकीट ‘तबाक्की’ दुकानातून, म्हणजे बाहेर मोठं इंग्रजी ‘T’ अक्षर टांगलेल्या पानपट्टीवजा दुकानातून, आधीच घ्या आणि चढल्यावर मशीनमध्ये पंच करा. परतीचंही तेव्हाच घेऊन ठेवा, संध्याकाळी दुकान बंद सापडतं. बस जिथून सुटते तिथेच चढा. मधल्या थांब्यावर भरलेली बस न थांबता निघून जाते आणि पुढचीही भरलेलीच येऊ शकते. सालेर्नोहून अमाल्फीला जाताना समुद्र डावीकडे. वळणं इतकी आहेत की गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी आणि पुढे बसावं.

गावांपैकी मिनोरी आणि मायोरी नक्की घ्या. दोन्ही सपाट. मायोरीचा किनारा या पट्ट्यात सगळ्यात लांब, मिनोरीत गावाच्या मधोमध रोमन काळातला वाडा. अमाल्फीहून बसने रावेल्लो, समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचावर. तिथे व्हिल्ला रुफोलोच्या बागेत बसून खाली किनारा बघण्यात आई-बाबांचा अर्धा दिवस सुखात जाईल. अमाल्फीला लागूनच अत्रानी, चालत दहा मिनिटं. क्षेत्रफळाने ही इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका.

कॅप्रीला जायचं तर एकच दिवस, हवा शांत असेल तेव्हा. तिथल्या समुद्रातल्या प्रसिद्ध निळ्या गुहेचं तोंड जेमतेम एक मीटर उंच आहे. होडीत पाठीवर आडवं व्हावं लागतं आणि जरा लाटा असल्या की गुहा बंद. पाठदुखी असलेल्यांनी नाद सोडावा.

किनारे बहुतेक गोट्यांचे, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट न्या. छत्री-खुर्च्यांचे पैसे द्यायचे नसतील तर ‘स्पियाज्जा लिबेरा’ लिहिलेला भाग शोधा.

शाकाहारींना वांग्याची पार्मिज्याना (टोमॅटो-चीज घालून भाजलेले वांग्याचे थर) आणि न्योक्की आल्ला सोरेंतिना (टोमॅटो-चीजमधले बटाट्याचे छोटे गोळे) सगळीकडे मिळतात. चेतारा गावात मात्र ‘कोलातुरा’ नावाचा मासळीचा अर्क पास्त्यात घालतात, तिथे आधी विचारा. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं, कडक शाकाहारी असाल तर तेही सांगा.

सालेर्नो हे कामाचं बंदर आहे. पोझितानोसारखं देखणं नाही, खिडकीतून तसा देखावा मिळणार नाही. दोघंच जाणार असाल, गुडघे धड असतील, तर पोझितानोजवळच्या प्रायानो गावात राहा. ते पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन उशिरापर्यंत मिळतं. आणि शेंगेन व्हिसासाठी हॉटेलं आत्ताच ठरवणार असाल तर रद्द करता येणारीच घ्या.