जुन्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० (जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मध्ये दुसरा गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतो, गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

लगेच उघडू नका, आधी व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमनुसार, म्हणजे हवेच्या ओढीनुसार, गिअरबॉक्समधला ऑइलचा दाब बदलणारा भाग) आणि त्याची रबरी नळी तपासा. जुन्या गाड्यांवर काम करताना मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. इंजिनवर किती भार आहे, हे गिअरबॉक्सला या नळीतल्या व्हॅक्यूमवरून कळतं. नळी तडकली की व्हॅक्यूम पोचत नाही. इंजिन पूर्ण जोर लावतंय असं समजून गिअरबॉक्स ऑइलचा दाब वाढवतो आणि गिअर रेंगाळून, दणका देत पडतो.

इंजिन बंद करा, गार होऊ द्या, मॉड्युलेटरवरची नळी काढून टोकात बघा. आत लालसर ऑइल दिसलं तर मॉड्युलेटरमधला पडदा फाटलाय, तो बदलायलाच हवा. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि खाली थेंबही न गळता कमी होत जाणारं गिअरबॉक्समधलं ऑइल, ही त्याचीच खूण. नळी कोरडी पण कडक, चिरा पडलेली असेल तर फक्त नळी बदलून भागतं.

मात्र वेग घेऊनही गिअर अजिबात पडत नसेल तर संशय गव्हर्नरवर, म्हणजे गिअरबॉक्सला गाडीचा वेग कळवणाऱ्या भागावर, घ्या. आणि डिपस्टिकवरचं ऑइल काळपट, जळक्या वासाचं असेल तर क्लच प्लेट गेल्यात. मग उघडावंच लागेल.