तोतया की दावेदार?

प्रश्न आला आहे तो असा : ‘नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या वाचनगटात खाडिलकरांचं भाऊबंदकी (१९०९) हे नाटक वाचतोय. एक जण राघोबादादांना पेशवाईचा तोतया म्हणाला. चालेल का?’

नाही चालणार. तोतया आपण कोण आहोत हेच खोटं सांगतो. राघोबादादा थोरल्या बाजीरावांचा मुलगा, नारायणराव पेशव्यांचा सख्खा चुलता, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य होतं. पेशवाईतला खरा तोतया पानिपतानंतरचा. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पडले, पण ते जिवंत असल्याची वदंता काही थांबेना. मग ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक जण उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणातले किल्ले घेतले आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

गंमत म्हणजे हा शब्द हत्यारासारखाही वापरता येतो. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू खरे नव्हेत, तोतया आहेत, असं ताराबाईंच्या बाजूने म्हटलं गेलं. हक्कावर वाद घालायला नको, माणूसच खोटा ठरवला की झालं!

राघोबादादांना ‘दावेदार’ म्हणा. पण हा शब्द आज आपण वर्तमानपत्रातून शिकतो, ‘विजेतेपदाचा दावेदार’ वगैरे. जुन्या मराठीत दावा म्हणजे वैरसुद्धा. ‘दावा साधला’ म्हणतो तेव्हा कोर्टातला दावा नसतो, सूड असतो. दावेदार म्हणजे हक्क सांगणारा, तसाच वैरीही. काकाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

आणखी एक, न विचारलेलं. ‘सिंहासनाचा दावेदार’ मात्र लिहू नका. सिंहासन छत्रपतींचं, पेशवे त्यांचे प्रधान, त्यांना छत्रपतींकडून पदाची वस्त्रं मिळायची. नारायणरावांच्या खुनानंतर १७७३ मध्ये राघोबादादांनी मिळवली ती पेशवाईची वस्त्रं. ‘गादी’ बोलण्यात चालून जातं.

नाटकाचं नाव मला या सगळ्या शब्दांपेक्षा नेमकं वाटतं. भाऊबंदकीत परका कुणी नसतो, भांडण वाटणीचं असतं. नारायणरावांचे थोरले भाऊ माधवराव पेशवे, त्यांच्याकडे राघोबादादांनी अर्धं राज्यच मागितलं होतं. तुमच्या गटाला या भांडणाच्या जागा पाहायला पुण्याला जायला नको. त्याचा मुक्काम असायचा ती आनंदवल्ली तुमच्याच रस्त्यावर आहे, आणि १७६८ मध्ये माधवरावांनी त्याला हरवून कैद केलं ते आपल्याच नाशिक जिल्ह्यात, धोडप किल्ल्यापाशी.