पोती उचलणाऱ्यानं नसबंदी करावी का?

प्रश्न : मॅडम, मी ३४ वर्षांचा आहे. मार्केट यार्डात हमाली करतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. दोन्ही वेळा सिझर झालं. मुलगी कमी वजनाची, काचेत ठेवावी लागली, म्हणून तेव्हा बायकोचं ऑपरेशन राहून गेलं. तिचं रक्त कायम कमी, आताही ८ च्या आसपास. सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच नसबंदी करून घ्या. मी तयार आहे, पण आई ऐकत नाही. “कमरेत जोर राहणार नाही, मग पोती कोण उचलणार?” म्हणते. यार्डातले लोकही तेच बोलतात. बायको म्हणते, जाऊ दे, मीच करते. काय करू?

उत्तर : तुम्हीच करा. तुमच्या घरात हे ऑपरेशन तुमच्या अंगाला सोपं आहे आणि तिच्या अंगाला अवघड. दोन सिझरनंतर पोटात आतून चिकटलेलं असू शकतं, त्यात रक्त कमी. तिचं पोट तिसऱ्यांदा उघडायचं कशाला?

मी सरकारी दवाखान्यांत आयुष्यभर बायकांचीच ऑपरेशनं केली. अशक्त, अंगावर पिणारं मूल असलेल्या बायका रांगेत बसलेल्या असायच्या आणि धडधाकट नवरे बाहेर गाडीपाशी उभे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. हे आकडे पाहिले की मला आजही राग येतो.

आता जोराचं. वृषणात दोन गोष्टी तयार होतात. शुक्रजंतू नसेतून, म्हणजे त्यांना वाहून नेणाऱ्या बारीक नळीतून, पुढे जातात. ताकद, दाढी-मिशी, इच्छा ज्याच्यावर अवलंबून असतं ते हार्मोन थेट रक्तात मिसळतं, ते नसेतून जातच नाही. त्यामुळे नस बांधली तरी त्याला काही होत नाही. वीर्यही पूर्वीसारखंच येतं, कारण त्यातला बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींतून येतो.

बिनटाक्याच्या नसबंदीत तेवढ्या जागेपुरती भूल देतात. डॉक्टर कातडीवरून बोटांनी नस चाचपतात, ती सुतळीसारखी टणक हाताला लागते. टोकदार चिमट्यानं बारीक भोक पाडून ती बाहेर काढायची, छोटा तुकडा कापायचा, टोकं बांधायची. दुसऱ्या बाजूचंही तसंच. पंधरा-वीस मिनिटांत होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. दोन दिवस आराम करा, घट्ट लंगोट वापरा. पोती मात्र आठवडाभर उचलू नका, नाहीतर सूज येईल. जखम भरली की पहिल्यासारखं काम करा. सूज वाढली, ताप आला, तर लगेच दाखवा.

आईंवर चिडू नका. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत पुरुष जास्त होते. कितीतरी जणांना धाकदपटशानं नेलं. ती भीती घराघरांत राहिली आणि तिच्या जोडीला कमजोरीची गोष्टही. त्यांना दवाखान्यात घेऊन या, डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या.

माझी खरी काळजी पुढची आहे. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळं झालो, असं नसतं. बांधलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य आले, की निरोध थांबवायचा. पुष्कळ पुरुष लाजेनं ही तपासणी टाळतात. मग दिवस गेले, की संशय बायकोवर. असा मार खाल्लेल्या बायकांच्या जखमा मी शिवल्या आहेत. चूक त्यांची नव्हती, तपासणी झालेली नव्हती. रिपोर्टनंतरही नस क्वचित, हजारात एखाद्याची, आपोआप जुळते. तेव्हाही आधी स्वतःचं वीर्य तपासायचं.

हे कायमचं आहे, हेही दोघांनी नीट बोलून घ्या. नस पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री नसते. कायद्यानं बायकोची सही लागत नाही, तरी तिला बरोबर आणा. सरकारी दवाखान्यात हे मोफत होतं, वर मोबदला मिळतो. बुडालेल्या हजेरीला तेवढाच हातभार. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, पण तोवर थांबायची गरज नाही. बायकोच्या रक्तासाठी लोहाच्या गोळ्या आजच सुरू करा, आणि रक्त का वाढत नाही तेही तपासून घ्या.

प्रश्न : लग्नाला वर्ष झालं. मूल दोन-तीन वर्षांनी हवं आहे. गोळ्यांनी बायकोला मळमळतं. पुरुषांसाठी इंजेक्शन निघालंय म्हणतात, ते मिळेल का?

उत्तर : खरगपूर आयआयटीच्या प्रा. सुजॉय गुहांनी ‘रिसग’वर सत्तरच्या दशकापासून काम केलं आहे. तुम्ही म्हणता ते इंजेक्शन हेच, शुक्रजंतूंच्या नसेत टोचायचं औषध. भारतातल्या ३०३ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले आणि ते चांगले आहेत. पण औषध अजून दुकानात आलेलं नाही. तोवर निरोध वापरा, प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून. पाकिटावरची तारीख बघा, खिशात-पाकिटात दाबून ठेवू नका, तेल लावू नका, रबर कमकुवत होतं. फाटलाच तर बायकोनं ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी असते. जितकी लवकर, तितकी चांगली. ती आणायला मेडिकलमध्ये तुम्ही जा, तिला पाठवू नका.