न्यूरोइमेजिंगच्या प्राध्यापकांची ४० हजार सायटेशन्स पाहून पीएचडीचा गाइड ठरवावा का?

तुम्ही लिहिलंय की ज्यांच्याकडे अर्ज करायचाय त्या सरांच्या गूगल स्कॉलरवर ४० हजार सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्यांच्या पेपरांचे केलेले उल्लेख) आणि ७० एच-इंडेक्स दिसतो, तर डोळे झाकून जावं का. मी काही वर्षं मेंदूच्या एमआरआय स्कॅनवर काम करतोय. माझं म्हणणं असं, की एकूण आकडा सोडा आणि सर्वाधिक सायटेशन्सचे पहिले पाच पेपर उघडून वाचा.

कारण आमच्याकडे सायटेशन्सचा पाऊस पडतो तो बहुतेकदा अवजारांवर. एक उदाहरण देतो. स्कॅनमधून कवटी, डोळे, मानेचे स्नायू वगळून नुसता मेंदू वेगळा काढावा लागतो. ऑक्सफर्डच्या स्टीफन स्मिथ यांनी त्यासाठी ‘बेट’ नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याचा पेपर २००२ चा. मेंदूच्या आत एक लहानसा फुगा धरायचा आणि तो मेंदूच्या कडेला टेकेपर्यंत फुगवत न्यायचा, अशी त्याची रीत. कड कुठे धरायची याचं नेहमीचं सेटिंग ०.५. त्यात कधीकधी कपाळामागचा मेंदूचा तुकडा कापला जातो. ०.३ केलं की मेंदू पुरा येतो, पण डोळ्याचा भागही सोबत चिकटून येतो. एकेक स्कॅन नजरेखालून घालत हे जुळवण्यात माझे आठवडेच्या आठवडे गेलेत. आणि पेपरमध्ये त्याची ओळ किती? ‘बेट वापरून मेंदू वेगळा केला’, पुढे स्मिथ २००२. झालं, त्यांचं एक सायटेशन वाढलं. हजारो लोक हीच ओळ लिहितात. ते मला रास्तच वाटतं, आमचं कामच त्या प्रोग्रामवर चालतं. पण त्या आकड्यातून अवजार किती कामाचं आहे एवढंच कळतं.

लंडनच्या कार्ल फ्रिस्टन यांचंही तसंच. शिक्षणाने मनोविकारतज्ज्ञ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करणारं एसपीएम हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते सगळ्यांना फुकट मिळतं. त्यांच्या सिद्धांतांवर वाद घालणारेसुद्धा स्कॅन मोजायला एसपीएम उघडतात. उलट जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा पाहा. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे एमआरआयचा सिग्नल बदलतो हे त्यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवलं. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय हे दाखवणारा एमआरआय, उभं आहे ते त्यावर, तरी आज कित्येक एफएमआरआय पेपरांत त्यांचं नावही नसतं.

शिवाय खूप वापरलं जातं म्हणून ते बिनचूक असतं असंही नाही. २०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी एसपीएमसकट अशी लोकप्रिय सॉफ्टवेअर्स तपासली. काही प्रचलित सेटिंग्जवर चुकीचा ‘शोध’ लागण्याचं प्रमाण ५ टक्के असायला हवं होतं, ते ७० टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसलं.

आता एच-इंडेक्स. ७० म्हणजे निदान ७० पेपर, प्रत्येकाला किमान ७० सायटेशन्स. २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेलं हे माप. तुमचं नाव यादीत पहिलं की साठावं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठ्या प्रकल्पांच्या पेपरवर तर शंभरेक नावं असतात. म्हणून नावांचा क्रम बघा. सहसा पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं.

प्रोफाइलही तपासून घ्या. जोशी, कुलकर्णी, पाटील असं आडनाव आणि एकच आद्याक्षर असेल तर दुसऱ्याच कुणाचे पेपर त्यात येऊन बसतात. याच्या उलटही होतं. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचे लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावावर राहिले आणि तिचं निम्मं काम बरीच वर्षं तिच्या नावावर दिसतच नव्हतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही पहिला पेपर पाठवायच्या आधीच ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे नाव बदललं तरी तुमचे पेपर तुमच्याशी जोडून ठेवणारा संशोधकाचा ओळख क्रमांक, काढून ठेवा.

तुमच्या सरांच्या त्या पाच पेपरांत पहिलं नाव कुणाचं आहे? त्यांचे विद्यार्थी असतील तर ते आज कुठे आहेत शोधा. गेल्या चार-पाच वर्षांत विद्यार्थ्यांची पहिल्या नावाने किती कामं आली ते मोजा. मग सध्या तिथे असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला सरळ मेल करा आणि विचारा, की मसुदा पाठवल्यावर सर किती दिवसांत वाचून परत देतात.