स्पॅनिश बोलणाऱ्या मित्राला इंग्रजीतल्या 'स्नॅच' आणि 'ग्रॅब'मधला फरक कसा समजावू?

'स्नॅच'ला 'आरेबातार' सांगा आणि 'ग्रॅब'ला 'आगार्रार'. निम्मं काम तिथेच होतं. पुण्यात स्पॅनिश शिकवताना मी हीच जोडी उलट बाजूने वापरते. सुटत्या बसचा दांडा झटकन धरला तर ग्रॅब. गळ्यातली साखळी हिसकावून पळाला तर स्नॅच, म्हणून तर पेपरात 'चेन स्नॅचिंग' छापतात. मात्र 'ग्रॅब अ कॉफी'त धरणं-बिरणं काही नसतं, नुसती पटकन कॉफी घ्यायची असते. 'कोखेर' हा शब्द तेवढा जपून वापरा: स्पेनमध्ये साधा 'घेणे', मेक्सिको-अर्जेंटिनात चक्क अश्लील. आणि तो 'एस्नॅच' म्हणाला तर हसू नका, आपल्याकडेही 'इस्कूल' म्हणणारे आहेतच.